चौदा हवेत

सावद्याला, केळी पिकवायच्या एका बंद पडलेल्या खोलीत
रविवारी दुपारी आम्ही जमतो.
बाहेर शेहेचाळीस. आत भिंतींना अजून
पिकत्या घडांचा गोडसर वास,
उपड्या क्रेटांवर फळी,
फळीवर खडूचा किल्ला, बुरूज म्हणून सोड्याची झाकणं
आणि वीस तोंडांचा एक हिरवा फासा
ज्याचा सहा झिजून पुसट झालाय.

निंबा सोनवणे, मूळचा अमळनेरचा,
एरवी मेडिकलवर गोळ्या मोजून देतो.
इथे तो बुटका चोर, नाव डोमकावळा.
म्हणाला, "मी उडी मारस.
बुरूजवरथीन, गिधाडनी पाठवर.
तठेन घंटाना दोर कापस.
कितला जोयजेत?"

हिना तडवीने वेफर्सची पिशवी चुरगळणं थांबवलं.
आता आकडा मी सांगायचा.

आठ म्हटलं तर किल्ला पुठ्ठ्याचा होतो,
तीन रात्री जागून रचलेली उंची
एका जांभईत उतरते.
वीस म्हटलं तर ते 'नाही'च असतं,
फक्त फाशाच्या तोंडून वदवलेलं.
केलंय मी तसं. नाही म्हणायची हिंमत नव्हती,
वीस म्हटलं,
आणि भारंब्यांचा केतन उरलेली दुपारभर
मोबाइल बघत बसला.

त्याहून लबाड एक रीत आहे:
उडीला एक फासा, पकडीला एक,
तोल सावरायला एक, दोर कापायला एक.
चारही सोपे. सुटे सुटे बघितले तर सोपे.
वडील बावीस वर्षं केळीच्या वजनकाट्यावर होते.
म्हणायचे, एकच घड चारदा तोलणारा
चौथ्यांदा काय लिहायचं
ते घरून ठरवून आलेला असतो.

म्हणून एकच फासा.

ओठांवर बारा आला होता.
मग विचारलं स्वतःला, हीच उडी केतनने मागितली असती तर?
बारा गिळला.
पुन्हा पहिल्यापासून:
उंची आणि वारा मिळून पंधरा.
मागच्या रविवारी निंबाने ह्याच गिधाडाला
मेंढीचं आतडं टाकलं होतं,
मी विसरलो होतो, त्याच्या वहीत तारखेसकट आहे.
दोन कमी.
दोर तेलात भिजलेला, सुरी घसरणार. एक जास्त.

"चौदा," मी म्हणालो. "आणि चुकलास तर मरणार नाहीस.
गिधाड तुला पाठीवर घेईल
पण त्याला हवं तिकडे नेईल.
दोर तसाच राहील. पिशवी खाली पडेल,
बहिणीने दिलेला नकाशा तिच्यातच आहे.
अजून मारायचीय?"

हे आधी बोलायचं असतं.
फासा हवेत असताना बोललेलं सगळं
धमकी होतं, नाहीतर लाच.

निंबाने नाक खाजवलं.
मुठीत फासा, मुठीवर फुंकर.
"मारस."

फासा फळीच्या भेगेत अडखळला,
बुरजाचं एक झाकण पाडून
तेरावर बसला.

"एकाने काय होतं भो," हिना म्हणाली, "दे ना सोडून."
केतन काही बोलला नाही. तो माझ्याकडे बघत होता.

काट्याची सुई थरथरत असताना
हळूच टेकणारं बोट
मी लहानपणी पाहिलंय. कुणाचं, तेही माहीत आहे.

मी पिशवी पाडली.
नकाशा खंदकात, घंटा सुरू,
खाली मशालीच मशाली.

आणि निंबा क्रेटवर उभा,
दोन्ही हात पसरलेले, बनियन घामाने पाठीला चिकटलेलं,
अदृश्य गिधाडाला ओरडून विचारतोय,
"कथा लई चालना रे बाप्पा?"

खरं सांगायचं तर मलाही ठाऊक नव्हतं.
फळी संपली होती. नदीपलीकडचं
मी काही काढलंच नव्हतं.

केतनने मोबाइल पालथा ठेवला,
खाली वाकून फरशीवरची धूळ हाताने पुसली
आणि खडू माझ्याकडे सरकवला.